सगळे दिवे एकदम पेटले तर : गाडीतल्या दोन वायरींचा फॉल्ट असा शोधा

"मामा, गाडीत भूत शिरलंय. येता का?"

भाच्याचा फोन आला तेव्हा मी भांडुप स्टेशनबाहेर मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होतो. मेथी पिशवीत टाकली आणि तसाच गॅरेजवर गेलो. पांढरी हॅचबॅक, सात वर्षं वापरलेली. चावी फिरवली की डॅशबोर्डच्या मीटरवर एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, ब्रेकचा दिवा आणि स्टिअरिंगचा दिवा, तिन्ही एकदम. स्पीडचा काटा शून्याला चिकटलेला, गाडी पळो नाहीतर उभी राहो. इंजिन मात्र लोण्यासारखं चालू. आधीच्या एका वर्कशॉपने एबीएसचा अख्खा डबा, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, बदलायला सांगितला होता आणि आकडा ऐकून गाडीच्या मालकीण बाई गाडी घेऊन सरळ आमच्याकडे आल्या होत्या.

साडेतीन तासांनी भूत सापडलं. हिरवी पडलेली एक पिन, तांदळाच्या दाण्याहून बारीक. डबा ठणठणीत होता. ती पिन कशी सापडली तेच इथे सांगतो, कारण असल्या फॉल्टमध्ये पैसा दुरुस्तीला कमी आणि चुकीचा डबा बदलण्यात जास्त जातो.

मी मूळचा गाड्यांचा माणूस नाही. तीस वर्षं टेलिफोनच्या केबली जोडल्या. रस्त्यात खड्डा, वर ताडपत्री, आत मी आणि मांडीवर शेकडो पेअर. २०२० साली निवृत्त झालो आणि वेळ जाईना म्हणून भाच्याच्या गॅरेजात बसायला लागलो. त्याने पहिल्यांदा हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा गुंडाळलेला भारा, उघडून आतली पीळ घातलेली जोडी दाखवली तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, अरे, ही तर माझीच पेअर, फक्त नेसणं बदललंय.

दोन वायरींवर काय चालतं

पूर्वी काचेच्या बटणाची वायर थेट काचेच्या मोटरला जायची. एक काम, एक वायर. गाडीत इलेक्ट्रॉनिक डबे वाढले तसा वायरींचा भारा मांडीएवढा जाड व्हायला लागला. म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीने एक पद्धत काढली आणि १९८६ साली अमेरिकेत डेट्रॉइटला ती जाहीर केली. तिचं नाव कॅन. सगळे डबे एकाच जोडीवर बसवायचे आणि सगळ्यांनी तिच्यावरच बोलायचं. आता इंजिनचा डबा, एबीएसचा, स्टिअरिंगचा, मीटर, सगळे चाळीतल्या एकाच गॅलरीत राहतात. एकाने हाक मारली की सगळ्यांना ऐकू जाते, ज्याचं काम असेल तो घेतो. एबीएस चाकांचा वेग ओरडून सांगतो, तो मीटर काट्यासाठी घेतो आणि स्टिअरिंग आपल्या कामासाठी घेतं. एबीएसचा आवाज बंद झाला की काटाही पडतो आणि स्टिअरिंगचा दिवाही लागतो. दिवे तीन, गप्प बसलेला एकच.

जोडीतल्या एका वायरीला कॅन-हाय म्हणतात, दुसरीला कॅन-लो. कोणी बोलत नसताना दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट. बोलताना हाय ३.५ वर चढते, लो १.५ वर उतरते. ऐकणारा डबा दोन्हींतला फरक तेवढा बघतो. बाहेरून इग्निशन कॉइलचा खरखराट आला तर तो दोन्ही वायरींवर सारखाच पडतो आणि फरकात वजा होऊन जातो. पीळ असतो तो ह्यासाठीच. टेलिफोनच्या पेअरला पीळ नसेल तर शेजारच्या लाइनवरचं नवरा-बायकोचं भांडण आपल्याला ऐकू येतं. इथेही तत्त्व तेच.

जोडीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर (करंटला अडवणारा बारीकसा भाग) असतो, बहुतेक वेळा कुठल्या तरी डब्याच्या आतच. तो नसेल तर सिग्नल टोकाला आपटून परत येतो. जुन्या ट्रंक कॉलवर आपलाच आवाज आपल्याला मागून ऐकू यायचा, आठवतंय? तसं. हे दोन रेझिस्टर समांतर बसले की मल्टिमीटरवर (वायरी तपासायच्या मापकावर) ६० ओहम दिसतात. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हा ६० चा आकडा तेवढा ठेवा.

हात लावायच्या आधी

स्कॅनर (डब्यांनी नोंदवलेले फॉल्टचे कोड वाचणारं यंत्र) लावला की कोड पुसायची घाई करू नका. आधी फोटो काढा, नाहीतर वहीत उतरवा. 'यू'ने सुरू होणारे कोड म्हणजे बोलाचालीचे कोड. यू०१०० म्हणजे इंजिनच्या डब्याशी संपर्क तुटला, यू०१२१ एबीएसशी, यू०१४० बॉडीच्या (दारं, दिवे सांभाळणाऱ्या) डब्याशी, यू०१५५ मीटरशी. लोक इथेच फसतात. यू०१२१ वाचला की एबीएस खराब असं धरून चालतात. तो कोड म्हणजे शेजाऱ्याने केलेली तक्रार आहे. 'एबीएस माझ्याशी बोलत नाही' एवढंच शेजारी सांगतोय. एबीएस मेलाय, त्याचं जेवण बंद झालंय, की त्याच्या दाराबाहेरचा जिना कोसळलाय, हे त्या शेजाऱ्याला काय ठाऊक!

म्हणून वहीत दोन रकाने करा. एकात तक्रार करणारे, दुसऱ्यात गप्प असलेले. आमच्या गाडीत इंजिन, मीटर आणि स्टिअरिंग, तिघांनी यू०१२१ दिला होता आणि स्कॅनरने हाक मारली तर एबीएस उत्तरच देत नव्हतं. गप्प एकच, म्हणजे फॉल्ट त्याच्या फांदीवर. सगळेच गप्प असते तर मुख्य जोडीवर शॉर्ट आहे असं धरून सुरुवात केली असती. गप्प असलेले दोन-तीन निघाले तर त्यांचा सामाईक फ्यूज, सामाईक अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर) नाहीतर सामाईक कपलर (वायरी एकमेकींत बसवायचा प्लग) शोधायचा.

स्कॅनरबद्दल एक. ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथचा डोंगल बहुधा इंजिनचे कोड दाखवून थांबतो. एबीएस, एअरबॅग, बॉडी त्याला दिसत नाहीत. म्हणजे घरातल्या चौघांपैकी एकालाच विचारून पंचनामा केल्यासारखं. सगळे डबे वाचणारा स्कॅनर तासाभरासाठी कोणाकडून मागून आणा. आणि डोंगल गाडीच्या स्कॅनर-सॉकेटला लावून ठेवू नका, गाडी उभी असतानाही तो बॅटरी पीत बसतो.

गाडीवाल्याला दोन प्रश्न नक्की विचारा. पहिला, दिवे कधी लागतात: पावसात, खड्ड्यात, की सकाळी पहिल्या स्टार्टला? दुसरा, हे सुरू व्हायच्या आधी गाडीत काय बसवलं, काय काढलं, गाडी कुठे पाण्यात उभी होती का? बाई म्हणाल्या, "काही नाही हो, काहीच नाही." चहा झाल्यावर आठवलं, जुलैमध्ये गांधी मार्केटला गुडघाभर पाण्यातून काढली होती. माझं अर्धं काम तिथेच झालं.

बॅटरी आणि अर्थ

ह्या पायरीवर कंटाळा करणारे पुढे दिवसभर घाम गाळतात. मी स्वतः गाळलाय. एकदा अख्खा शनिवार जोडी तपासत बसलो आणि संध्याकाळी भाच्याने बॅटरीचं टर्मिनल हाताने गोल फिरवून दाखवलं. त्या दिवसाचा चहा माझ्याकडून.

गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी संशयित. व्होल्टेज पडलं की डबे मध्येच बेशुद्ध पडतात, शुद्धीवर आल्यावर एकमेकांच्या तक्रारी लिहून ठेवतात, आणि आपण त्या खऱ्या मानतो. बॅटरी चार्ज करा, कोड पुसा, गाडी फिरवा, परत वाचा. दहापैकी आठ कोड गेले तर उरलेल्या दोनांवरच काम करायचं.

अर्थ तपासायला ओहम वापरू नका. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी ओहम शून्य दाखवतात. हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि मागची काच तापवणारी तार चालू करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं त्या डब्याच्या अर्थच्या पिनवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठे तरी अडलंय. मुंबईत अडतं ते ठरलेल्या जागी: बॅटरीच्या ट्रेखालचा बोल्ट आणि पायाशी, दाराजवळच्या प्लास्टिकमागचा बोल्ट. खाऱ्या हवेने तिथला रंग फुगतो. बोल्ट काढायचा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करायचा, बसवायचा आणि वरून ग्रीस फासायचं.

मग गप्प असलेल्या डब्याला वीज मिळते का ते बघा. फ्यूज डोळ्यांनी बघून भागत नाही. मीटरवर १२ व्होल्ट दिसतात पण भार पडला की पडतात, असंही होतं. छोटा बल्ब लावून बघा, तो लख्ख पेटायला हवा. हा बल्ब फक्त वीज आणि अर्थ बघायला. कॅनच्या वायरींना बल्बचा टेस्ट लॅम्प लावायचा नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरजवळ तर मीटरसुद्धा न्यायचा नाही. ते काम कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे, बॅटरी काढून, सांगितलेला वेळ थांबून, शिकलेल्या माणसानेच करायचं. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या केशरी केबलींनाही हाच नियम.

आमच्या एबीएसच्या डब्याला दोन्ही फ्यूजमधून वीज होती, अर्थही चांगला होता. जेवण मिळत होतं, म्हणजे जिना बघायचा.

साठ ओहम

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, स्कॅनर लागतो ते. त्यात ६ नंबरची पिन कॅन-हाय, १४ नंबरची कॅन-लो, ४ आणि ५ अर्थ, १६ थेट बॅटरीची.

चावी बंद. बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि दहा मिनिटं थांबा. लगेच मोजलं तर डबे जागे असतात आणि आकडा खोटा येतो. मीटर ओहमला लावून आधी त्याच्या दोन वायरी एकमेकींना टेकवा, जो आकडा दिसेल तो पुढच्या प्रत्येक मापातून वजा. मग ६ आणि १४ मध्ये मोजा.

६० च्या आसपास आलं तर मुख्य जोडी टोकापासून टोकापर्यंत सलग आहे आणि दोन्ही रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आलं तर एक रेझिस्टर दिसत नाहीये, म्हणजे जोडी कुठे तरी तुटलीय किंवा टोकाच्या डब्याचा कपलर निघालाय. शून्याच्या जवळ काही आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. ४० आलं तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर आणून बसवलाय. हजारो ओहम किंवा अनंत आलं तर सॉकेटपर्यंतच वायर पोचत नाहीये, किंवा सॉकेट आणि बाकीच्या गाडीमध्ये गेटवे नावाचा द्वारपाल बसलाय. नव्या गाड्यांत हा द्वारपाल नेहमीचा. तिथे सॉकेटवरच्या आकड्यावर विसंबता येत नाही, गेटवेच्या कपलरवर जाऊन प्रत्येक जोडी वेगळी मोजावी लागते. त्यासाठी त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम लागतो. तो नसेल तर पुढे जाऊच नका. अंदाजाने वायर ओळखून कापणारे मी दोन्ही धंद्यांत पाहिलेत.

आमच्या गाडीवर आलं १२०.३. मला तर आनंदच झाला.

जाता जाता एक भोंदूगिरी सांगून ठेवतो. १२० दिसले की काही लोक लॅमिंग्टन रोडवरून रुपया-दोन रुपयांचा १२० ओहमचा रेझिस्टर आणतात आणि सॉकेटमागे डकवून टाकतात. मीटरवर छान ६० येतात. गिऱ्हाईक खूश, तुटलेली वायर तुटलेलीच. अशी एक गाडी आमच्याकडे आली होती. आकडे बरोबर, तरी डबा गप्प. टेप सोडवल्यावर तो चिटुकला रेझिस्टर दिसला आणि भाचा जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चावी लावून व्होल्ट

बॅटरी परत जोडा, चावी चालू, इंजिन बंद. ४ किंवा ५ नंबरवर काळी वायर ठेवून आधी ६ मोजा, मग १४. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून ३.५ आणि १.५ दिसणार नाहीत. हाय २.६ ते २.७, लो २.३ ते २.४, आणि दोन्हींची बेरीज पाचाच्या आसपास, एवढं बघा. हाय शून्यावर बसली असेल तर ती बॉडीला चिकटलीय. लो शून्यावर असेल तर लो चिकटलीय, पण ह्यात काही गाड्या लंगडत का होईना चालतात आणि म्हणून फॉल्ट उशिरा कळतो. एखादी १२ व्होल्टला टेकली असेल तर बॅटरीच्या एखाद्या वायरीशी तिची गळाभेट झालीय. दोन्ही अगदी तंतोतंत सारख्या असतील तर एकमेकींना शॉर्ट आहेत, किंवा सगळी गाडी झोपलीय. दार उघडून, चावी फिरवून परत बघा.

आकडे ठीक आहेत आणि तरी गाडी अधूनमधून वेडी होते, तेव्हा मीटरने भागत नाही. दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, लागतो. त्यात हाय वर जाते आणि लो खाली, एकमेकींची आरशातली सावली असल्यासारख्या. एकीचे कोपरे झिजलेले दिसले किंवा एक नाचतेय आणि दुसरी सपाट आहे, की उत्तर मिळालं. भाड्याने किंवा ओळखीत मिळाला तर आणा, फक्त ह्यासाठी विकत घेऊ नका.

अर्धं अर्धं करत जा

केबलचा फॉल्ट शोधताना आम्ही दोन टोकांच्या मधला पिलर, म्हणजे रस्त्याकडेची केबली जोडायची पेटी, गाठायचो. तिथून एका बाजूला लाइन चांगली असेल तर ती बाजू सोडून द्यायची आणि उरलेल्याचा परत मध्य. गाडीतही तसंच करायचं, फक्त पिलरच्या जागी कपलर.

शॉर्ट असेल तर ओहमचा मीटर ६ आणि १४ ला लावून ठेवा आणि एकेक डबा काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर आकडा शून्यावरून उडी मारून ६० वर येईल, तो डबा किंवा त्याची फांदी गुन्हेगार. रेझिस्टरवाला डबा काढला की १२० दिसणारच, त्याला घाबरू नका. प्रत्येक कपलर काढताना बॅटरी सुटलेली हवी.

डबे काढण्याआधीसुद्धा एक काम असतं. कंपनीने न बसवलेलं जे जे आहे ते आधी काढा. बाहेरचा म्युझिक सिस्टम, रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक, ट्रॅकर. एक टुरिस्ट टॅक्सी तीन ठिकाणी फिरून आमच्याकडे आली होती. ओहम ६०, व्होल्ट बरोबर, तरी दिवसातून चारदा डॅशबोर्डचा मीटर मरायचा. सॉकेटमागे ट्रॅकरवाल्याने कॅनच्याच जोडीला चिमटे मारून वायरी काढल्या होत्या. चिमटा ढिला, गाडी हलली की खरखर. चिमटे काढले, जोडी नीट बांधली, ट्रॅकरला जिथे हवी तिथून वीज दिली. टॅक्सीवाला म्हणाला, "काका, मग त्या तिघांनी काय केलं?" आता मी काय सांगू?

आमच्या हॅचबॅकमध्ये फॉल्ट तुटलेल्या वायरीचा होता. इंजिनच्या बाजूला जाऊन एबीएसचा कपलर काढला. सॉकेटवरचा आकडा हलला नाही, १२० च राहिला. म्हणजे एबीएसमधला रेझिस्टर आधीपासूनच दिसत नव्हता. मग थेट डब्याच्या दोन पिनांवर मोजलं : १२०. डबा निर्दोष. बाईंचे वाचलेले पैसे मला तेव्हाच दिसले, पण बोललो नाही. आधी पुरावा.

मग कपलरपासून सॉकेटपर्यंत एकेक वायर मोजली. कॅन-हाय अर्ध्या ओहमच्या आत. कॅन-लो अनंत. मधला कपलर डायग्रामवर बघितला तर क्लीनर बसतो त्या बाजूच्या पायाखाली, गालिच्याच्या आत. गालिचा वरून कोरडा खडखडीत. हात आत घातला तर खालचा फोम दळणाच्या ओल्या पिठासारखा. जुलैचं पाणी ऑक्टोबरपर्यंत तिथे मुक्कामाला होतं. कपलर उघडला. पितळेच्या भांड्यात आमटी कळकते ना, तशी एक पिन हिरवीगार. सुईने टोकरली तर पूड होऊन खाली पडली.

मीटरची जाडी काडी कपलरच्या भोकात खुपसू नका. आतली पट्टी फाकते आणि उद्याचा नवा लूज कॉन्टॅक्ट तुम्हीच तयार करता. मागच्या बाजूने, वायर आत जाते तिथून बारीक टाचणी सरकवा. आणि वायरीच्या प्लास्टिकला टोचून तर अजिबात मोजू नका. मुंबईत एका भोकाची शिक्षा दोन पावसाळ्यांनी मिळते. तांब्याच्या तंतूंमधून पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं चढत जातं आणि फूटभर लांब जाऊन गंजवतं.

उंदरांचं वेगळं सांगायला नको. पार्किंगमध्ये आठवडाभर गाडी हलली नाही की इंजिनवर बाळंतपण होतं. अर्धवट कुरतडलेली वायर कोरड्यात चालते आणि पावसात शॉर्ट होते, म्हणून 'फक्त पावसात' म्हणणाऱ्या गाडीचं बॉनेट आधी उघडून लेंड्या शोधा. डांबरगोळ्यांवर माझा विश्वास नाही. गाडी रोज हलवणं आणि आत वेफरचे तुकडे न सांडणं, एवढ्यानेच फरक पडलेला मी पाहिलाय.

जोड

नुसतं कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कपलर परत बसवला की गाडी चालते. महिनाभर. हिरवी पडलेली पिन बदलायचीच, आणि मागची वायर चकचकीत लाल तांबं लागेपर्यंत कापत मागे जायचं. तांबं काळं दिसतंय तोवर कापत राहायचं. त्यावर सोल्डर धरत नाही आणि क्रिंपही (दाबून बसवलेला जोड) फसवतो. आम्हाला अकरा सेंटिमीटर मागे जावं लागलं. पिना कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाल्या, तशाच कपलरचा तुकडा वायरीसकट. तिथून कपलर आणा, खुशाल आणा. इंजिनचा किंवा बॉडीचा डबा मात्र तिथून आणून लावू नका. त्याची चावीशी ओळख नसते, कोडिंग जुळत नाही आणि चालती गाडी बंद करून बसाल.

नवा तुकडा घालताना दोन्ही वायरींची लांबी सारखी ठेवा. जाडी मूळच्याइतकीच. दोन जोड समोरासमोर करू नका, एक इथे, दुसरा चार बोटं पुढे, म्हणजे फुगवटाही होत नाही आणि कधी जोडावरची स्लीव्ह (वरून चढवायची नळी) फाटली तरी दोघी एकमेकींना लागत नाहीत. पीळ पूर्वीसारखाच घाला. जोडाजवळ पीळ सुटतो तो दोन इंचांच्या आत राहिला पाहिजे. सोल्डर केलात तर तिथली वायर कडक होते, म्हणून ती हलणार नाही अशी बांधा. वरून आतून गोंद असलेली स्लीव्ह, गरम हवेने बसवलेली, दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर दिसेपर्यंत. साधी काळी टेप उन्हाळ्यात वितळून चिकट होते आणि पावसात सुटते, ती फक्त हार्नेसच्या वरच्या गुंडाळीला. आणि जोडीला मधूनच नवी फांदी फोडायची नाही. ती लांब लोंबणारी फांदी सिग्नल परत फेकते.

कपलरचं तोंड खाली करून, जमिनीपासून जरा उंच बांधला. फोम काढून दोन दिवस पंख्याखाली वाळवला. ही पायरी गिऱ्हाईक घाईत असलं की सगळे टाळतात. ओल्या फोमवर नवा जोड ठेवणं म्हणजे तीच गाडी पुढच्या दिवाळीला परत बोलावणं. आणि पाणी आत कुठून येतं तेही बघा. बाईंचं तुंबलेल्या रस्त्याचं होतं, पण पुष्कळदा समोरच्या काचेखालच्या नाळ्यात पिंपळपानं अडकून पाणी थेट पायाशी उतरतं.

कधी गाडी पाण्यात अडकलीच आणि बंद पडली, तर परत स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, सुरक्षित जागी आणल्यावर बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. ओल्या पिनांत वीज फिरत राहिली की महिन्यांचा गंज दिवसांत चढतो.

झालं म्हणण्याआधी

बॅटरी काढून परत ६ आणि १४ : ६०.४. जोडून व्होल्ट : २.६६ आणि २.३५. कोड पुसले. चावी तीनदा बंद-चालू. मग बॅटरी पुन्हा सोडून, मीटर ओहमवर ठेवून भाच्याने हार्नेस पायापासून बॉनेटपर्यंत हलवला, आकडा हलला नाही. बॅटरी जोडली आणि एलबीएस रोडवर चक्कर. आमच्या भागातल्या खड्ड्यांचा हा एकच उपयोग, दहा मिनिटांत कुठलाही लूज कॉन्टॅक्ट बोलायला लागतो. काटा बरोबर चढला, दिवे विझलेले राहिले. परत येऊन सगळे डबे पुन्हा वाचले, रिकामे.

शेवटी गाडी कुलूप लावून अर्धा तास ठेवली आणि बॅटरीतून किती करंट जातोय ते बघितलं. ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. येत नसेल तर एखादा डबा झोपतच नाहीये आणि दुसऱ्यांनाही जागं ठेवतोय. गॅलरीत एकाने रात्रभर रेडिओ लावला तर कोण झोपणार! आमचा २२ वर स्थिरावला.

फ्यूजच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करने लिहितो. टेलिफोनच्या पिलरच्या दारावर लिहायचो तसंच. तारीख, ६०.४, आणि 'क्लीनर बाजू, गालिच्याखाली, कॅन-लो जोडलेली'. बाईंनी विचारलं, "हे माझ्यासाठी का?" म्हटलं, नाही, पुढच्या वायरमनसाठी. मेथी तोपर्यंत पार सुकली होती.